ग्राशी एरेकाचं संथ चाक

नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात एका कसिनोत दुपारच्या पाळीला रूलेटचं एकच टेबल चालायचं आणि त्या टेबलामागे सव्वीस वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, ग्राशी एरेका उभी असायची. बुटकी, रुंद बांध्याची, केस कानाच्या वर कापलेले. बोलणं बेताचं. नव्या गिऱ्हाइकांना ती रागावलेली वाटायची. जुन्यांना माहीत होतं की बाई मोजतेय. कापडावर दहा जणांच्या सहा रंगांच्या चिपा पसरलेल्या असल्या तरी कोणाला किती द्यायचं हे तिच्या डोक्यात, चाकावरची गोटी थांबायच्या आत, तयार असे.

तिचा बाप स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातून मेंढ्या राखायला नेवाडात आला. वर्षातले दहा महिने डोंगरात, दोन महिने एल्को गावातल्या बास्क बोर्डिंगमध्ये, म्हणजे मेंढपाळांच्या राहण्या-जेवण्याच्या खाणावळीत. आई त्याच बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. लांब टेबलांवर सूप आणि घेवड्याचे वाडगे पोचवत ग्राशी मोठी झाली. बत्तीस वर्षांची असताना नवरा ट्रक घेऊन कॅलिफोर्नियात गेला. त्याला काही झालं नाही, फक्त तो तिकडेच राहिला. ग्राशीने रडारड केली नाही. बोर्डिंगची नोकरी सोडून ती रीनोला आली आणि डीलरच्या, म्हणजे जुगाराचं टेबल चालवणाऱ्याच्या, सहा आठवड्यांच्या वर्गात नाव घातलं.

तिथे तिला चाक शिकवलं. डाव्या हाताने चाकाला ढकल द्यायची, उजव्या हाताने गोटी उलट दिशेला कडेच्या पन्हाळीतून सोडायची. चाकाला अडतीस खण, प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना पितळी पट्टी. गोटीचा वेग ओसरला की ती उतरणीवरून खाली येते, पट्ट्यांना आपटते, उडते आणि कुठल्यातरी खणात बसते. गोटी उडून टेबलाबाहेर जमिनीवर गेली तर डीलरची लाज गेली. चारचौघांसमोर वाकून ती शोधावी लागते.

दुसरं शिकवलं ते हातांचं. टेबल सोडताना डीलरने दोन्ही हात छातीसमोर धरून एक टाळी वाजवायची आणि तळवे वर छताकडे करून दाखवायचे. छतात कॅमेरे असतात. हातात काही नाही, बाहीत काही नाही, मी रिकामी चालले, एवढाच त्याचा अर्थ. ग्राशीची ती सवय इतकी मुरली होती की घरी भांडी विसळून झाली तरी ती टाळी वाजवून तळवे वर करायची. घरात बघायला कोणी नव्हतं.

१९९६ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास तिचा डावा खांदा दुखायला लागला. आधी रात्री कुशीवर झोपताना, मग कोट घालताना, मग चाक ढकलताना. दवाखान्यातल्या डॉक्टरने हात वर-खाली करून बघितला आणि आतला स्नायू झिजलाय म्हणून सांगितलं. शस्त्रक्रिया, मग तीन महिने घरी. त्याने चिठ्ठी लिहून दिली. ग्राशीने ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि तिथेच राहू दिली.

कारण साधं होतं. चिठ्ठी दिलेला डीलर टेबलावरून केनोच्या काउंटरवर जायचा. केनो म्हणजे चिठ्ठ्यांवर आकडे खुणवायचे, मशीनने आकडे काढायचे, बसून काम. बर्नीस नावाची एक बाई गुडघ्यामुळे ‘दोन आठवड्यांसाठी’ तिथे गेली आणि आठ वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. ग्राशी अठ्ठावन्न वर्षांची होती. निवृत्तीला चार वर्षं होती आणि ती चार वर्षं तिला चाकामागे उभ्याने काढायची होती. दुसरं काही तिला फारसं हवं नव्हतं.

तेव्हा तिने हाताला सांभाळून घेतलं. पूर्वी ती दर डावाला चाकाला झणझणीत ढकल द्यायची, अडीच सेकंदांत एक फेरा. आता ती बोटांच्या टोकांनी हलकंच लोटायची. चाकाचे बेअरिंग उत्तम असल्यामुळे तेवढ्यावरही ते फिरत राहायचं, पण फेऱ्याला पाच सेकंद घेत. उजवा हात ठणठणीत होता, त्यामुळे गोटी पूर्वीसारखीच सुटायची. आणि गंमत म्हणजे ग्राशीला हा बदल आवडला. गोटी खाली येऊन फार उडत नव्हती. खडखडाट कमी झाला होता. हिवाळाभर एकदाही गोटी जमिनीवर गेली नाही. हात दुखतोय खरा, पण काम आणखी सफाईदार झालंय, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीत व्हर्नन टटल यायला लागला. वय बहात्तर, डोक्यावर फिकट हॅट, पायात टोकदार बूट. शेजारच्या स्पार्क्स गावात त्याने चाळीस वर्षं स्क्वेअर डान्सच्या रात्री चालवल्या होत्या. मंचावर उभं राहून आठ-आठ जणांच्या टोळक्यांना ठेक्यावर ‘आता वळा, आता जोडीदार बदला’ अशा हाका देणारा माणूस. गुडघे गेले तसं ते बंद झालं. तो चाकाच्या अगदी शेजारच्या खुर्चीवर बसायचा, लिंबाचं सरबत मागवायचा आणि बराच वेळ नुसता बघायचा.

“व्हर्नन, तुमचा बूट टेबलाला लागतोय,” एके दुपारी ग्राशी म्हणाली.

“पाय माझं ऐकत नाही हो. चाळीस वर्षं लोकांना नाचवलं त्याने. आता त्याला कसं सांगू, गप बस म्हणून?”

“त्याला सांगा, इथे कोणी नाचत नाही.”

“कोण म्हणतं? तुमचं चाक नाचतंय की. आणि ठेका काय धरलाय! मी आल्यापासून एक मात्रा चुकलं नाही. आमच्याकडे चांगले चांगले फिडलवाले एवढं सारखं वाजवत नव्हते.”

ग्राशी सहसा हसत नसे. त्या दिवशी हसली. सव्वीस वर्षांत तिच्या चाकाला असं कोणी म्हटलं नव्हतं.

व्हर्नन गोटी सुटल्यावर पैसे लावायचा. त्याला हरकत नसते. डीलरने कापडावरून हात फिरवून ‘आता बस’ म्हणेपर्यंत कोणीही लावू शकतो. गोटी काही फेरे मारायची, व्हर्ननचा पाय हलत असायचा, मग तो घाईने पाच आकड्यांवर एकेक चिप टाकायचा. आकडे दर डावाला बदलायचे. एखाद्या डावाला वीस, बत्तीस, सतरा, पाच, बावीस. कापडावर हे आकडे विखुरलेले दिसतात, पण चाकावर ते एकाला एक लागून असतात. पाचपैकी एका आकड्यावर गोटी बसावी ती साधारण सात-आठ डावांत एकदा. व्हर्ननला ती तीन-चार डावांत एकदा मिळत होती. दर जिंकण्यामागे तो एक चिप ग्राशीकडे सरकवायचा. “वादकांसाठी,” म्हणायचा. ती चिप रिवाजाप्रमाणे सगळ्या पाळीच्या बक्षिशीच्या डब्यात जायची.

तिसऱ्या आठवड्यात लॉन प्रुइटने ग्राशीला मागच्या खोलीत बोलावलं. लॉन दुपारच्या पाळीचा सुपरवायझर होता, छत्तीस वर्षांचा. पंधरा वर्षांपूर्वी कोवळा डीलर म्हणून आला तेव्हा ग्राशीनेच त्याला चाक शिकवलं होतं. खोलीत एक टीव्ही, दोन खुर्च्या.

“बसा, ग्राशी.”

“उभ्याने काम करणाऱ्याला कोणी बसवलं की काहीतरी वाईटच असतं. बोल तू.”

लॉनने टेप लावली. पडद्यावर वरून दिसणारं तिचंच डोकं, टेबल, हात. ती टेबल सोडत होती.

“हात बघा तुमचे.”

“टाळी वाजवली की.”

“वाजवली. कमरेपाशी. आणि डावा तळवा वर आलाच नाही. ही कालची. ही परवाची. मी अकरा दिवसांच्या बघितल्या. एकदाही डावा हात दाखवलेला नाही.”

“म्हणजे मी बाहीतून चिपा नेते?”

“मला काय वाटतं ते सोडा. वरचे विचारतायत. एक म्हातारा तीन आठवडे फक्त तुमच्याच टेबलावर जिंकतोय. तुम्हाला चिपा देतोय. आणि त्याच दिवसांत तुम्ही हात दाखवणं बंद केलंय.”

“हात दाखवायला तुला मी शिकवलं, लॉन.”

“म्हणूनच तर विचारतोय. दुसरी कोणी असती तर म्हटलं असतं, विसरली. तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही.”

ग्राशी पडद्यावरच्या आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. तो हात खरोखरच चोराचा दिसत होता. चिठ्ठी पर्समध्ये होती, पर्स लॉकरमध्ये. “गारठा होता,” ती म्हणाली.

लॉनने टीव्ही बंद केला. व्हर्ननलाही त्यांनी आदल्या दिवशी बाजूला घेतलं होतं. नेवाडात चाकाचा अंदाज बांधायला यंत्र वापरणं हा गुन्हा आहे, डोकं वापरणं नाही. त्याने हसत हसत बूट काढून दिले होते. बुटात काही नव्हतं. मोज्याला भोक होतं तेवढंच.

“त्याच्याकडे यंत्र नाही,” लॉन म्हणाला. “मग उरलं चाक. नाहीतर तुम्ही. गुरुवारी डेल्बर्ट येतोय चाक तपासायला. चाकातच काही निघालं तर बरं होईल.”

“नाही निघालं तर?”

“तर तुमचं कार्ड वर पाठवावं लागेल.” डीलरचं कामाचं कार्ड एकदा संशयावरून वर गेलं की राज्यातला कुठलाही कसिनो त्या माणसाला दारातही उभा करत नाही.

डेल्बर्ट होग चाकांचा माणूस. शहरातल्या निम्म्या कसिनोंची चाकं तोच बघायचा. उंच, वाकलेला, खिशात कायम पिवळं फडकं. गुरुवारी सकाळी नऊला, टेबल उघडायच्या दोन तास आधी, त्याने चाकाच्या कडेवर पाणसळ ठेवली, चारी बाजूंनी बघितली. पितळी पट्ट्या एकेक करून नखाने हलवून पाहिल्या. बेअरिंगला कान लावला. मग लॉनच्या देखत ग्राशीला म्हणाला, “चल, फिरव. तीसेक डाव होऊ देत.”

इथे ग्राशीने जे केलं ते फक्त डीलरच करेल. परीक्षक समोर उभा असताना डीलर शाळेतल्यासारखा डाव देतो. ती पाय रोवून उभी राहिली, कंबर आणि पाठीचा जोर लावला आणि चाकाला पूर्वीसारखी ढकल दिली. दर ढकलीला खांद्यात सुई जात होती. गोटी आपटत होती, उडत होती, एकदा कडेपर्यंत उसळून परत आली. डेल्बर्ट वहीत दोन आकडे लिहीत होता, गोटी पहिल्यांदा कुठे आपटली तो आणि कुठे बसली तो. तिसाव्या डावानंतर त्याने वही मिटली.

“चाक निर्दोष आहे,” तो लॉनला म्हणाला. “गोटी कुठेही जातेय. या चाकावर कोणी अंदाज बांधू शकत नाही.”

लॉनने मान हलवली आणि ग्राशीकडे न बघता निघून गेला. तेव्हा कुठे ग्राशीच्या लक्षात आलं. चाक निर्दोष सुटलं होतं आणि चाकाला तिनेच सोडवलं होतं. आता संशय घ्यायला एकटी तीच उरली होती.

डेल्बर्ट हत्यारं पिशवीत भरत होता. भरता भरता हळूच म्हणाला, “काय गं, चाक ढकलत होतीस की बंद पडलेला ट्रक?”

“तुझं काम चाक बघायचं, डेल्बर्ट.”

“तेच बघितलं. म्हणून विचारतोय. जोराने आपटणारी गोटी पितळेवर पांढरट ओरखडा ठेवते. मी चाक पुसायला घेतलं तेव्हा दोन महिन्यांचे ओरखडे दिसायला हवे होते. जवळपास नव्हतेच. आता तुझ्या तीस डावांत त्याच्या दुप्पट पडलेत.” त्याने फडकं खिशात कोंबलं. “आज फिरलं ते तुझं रोजचं चाक नव्हतं. मला कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही. उद्या दुपारपर्यंत माझा तपासणीचा कागद वर जातो.”

ग्राशी त्या दिवशी पाळी करून घरी गेली. टेबलावर नाही, लॉनने तिला चिपा धुण्याच्या खोलीत बसवलं होतं. घरी तिने घेवडा शिजवला आणि विचार केला. चिठ्ठी दाखवली तर चाक जाणार, हे नक्की. नाही दाखवली तर चाक तर जाणारच, वर नावही जाणार. नेवाडातले बास्क लोक मोजके. रविवारी बोर्डिंगच्या जेवणाला पन्नास-साठ माणसं एका टेबलाला बसतात, सूपाचं भांडं हातोहात पुढे जातं आणि कोणाचं काय झालं हे भांड्याच्या आधी पोचतं. बाप गेल्यावरही त्या टेबलावर लोक त्याचं नाव घेताना म्हणत, कळप मोजायला एरेकाला उभा करा, मग परत मोजू नका. त्या बाकावर चोर म्हणून बसणं तिला जमणार नव्हतं. यात फार विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी तिला सकाळ झाली.

शुक्रवारी नऊ वाजता तिने डेल्बर्टला फोन करून बोलावलं आणि लॉनलाही. “काल मी खोटं फिरवलं,” ती म्हणाली. “आज खरं फिरवते. लिही.”

तिने बोटांच्या टोकांनी चाक लोटलं. लॉन काहीतरी बोलणार होता, डेल्बर्टने त्याला हाताने थांबवलं आणि घड्याळ काढलं. पाच सेकंद. पुढचा डाव, पाच. दहावा डाव, पाचच. गोटी खाली यायची, एकदा टण्ण व्हायची, दोन-तीन खण सरकायची आणि गप्प बसायची. तीस डावांपैकी बावीस वेळा ती जिथे आपटली तिथून सात खणांच्या आत बसली. कालच्या पानावर तशा नोंदी सात होत्या.

“हे घे तुझं उत्तर,” डेल्बर्टने वही लॉनपुढे सरकवली. “चाक जोरात असलं की गोटीला पट्टीची सणसणीत लागते. ती उडते आणि कुठेही भटकते. कुठे आपटणार हे कळलं तरी उपयोग नाही. हळू चाकात ती पडते आणि बसते.”

“पण कुठे आपटणार हे तरी त्याला कसं कळणार?”

“गोटी कितीही जोरात सोड, खाली यायच्या वेळेला तिचा वेग ठरलेला असतो. तो म्हातारा वाट बघतो. गोटीचा एक फेरा आणि त्याच्या पायाचा ठेका जुळला की त्याला कळतं, आता एवढे ठोके उरले. त्या क्षणी चाकावर समोर कुठला आकडा आहे ते बघायचं आणि तेवढ्या ठोक्यांत चाक किती पुढे जाईल ते मिळवायचं. चाक दर डावाला वेगळ्या गतीने फिरत असेल तर ही बेरीज चुकते. हिचं चाक चुकतच नव्हतं. हळू, वर सारखं. बाईने त्याला नाचायला बँडच दिला.”

“म्हणाला होता तो मला,” ग्राशी म्हणाली. “सरळ तोंडावर म्हणाला होता. मला वाटलं कौतुक करतोय.”

“कौतुकच करत होता,” डेल्बर्ट म्हणाला.

लॉन वही बघत उभा होता. मग म्हणाला, “पण हळू का? मला तर तुम्ही हळू चाकासाठी बोटांवर फटके मारलेत.”

ग्राशीने उजवा हात वर केला, डोक्याच्याही वर. मग डावा. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. “एवढाच,” ती म्हणाली. “टाळी कमरेपाशी का, ते पण आता कळलं असेल.”

“कधीपासून?”

“थँक्सगिव्हिंगपासून.” तिने पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. घड्यांवर ती फाटायला आली होती.

“मला सांगायचं होतं ना.”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

लॉनने चिठ्ठी वाचली. तारीख वाचली. चिठ्ठी खिशात ठेवली. “केनोला पाठवलं असतं,” तो म्हणाला.

“मग आता पाठव.”

डेल्बर्टचा कागद वर गेला, त्याच्यासोबत दोन्ही पानं गेली. ग्राशीचं कार्ड तिच्याकडेच राहिलं. व्हर्ननने काही चुकीचं केलं नव्हतं, त्याला कोणी काही म्हटलं नाही. रूलेटच्या टेबलाच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, डेल्बर्टने एक पट्टी चिकटवली: एका फेऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त नको आणि दर काही डावांनी वेग बदला. नवीन पोरी ती वाचून विचारायच्या की एवढं कशाला. बहुतेकांना उत्तर मिळत नसे.

मे महिन्यात ग्राशीची शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायला लागला. ऑक्टोबरमध्ये तिने लॉनला एकदाच विचारलं. तो म्हणाला, “बघू.” तो खाली बघून म्हणाला, त्यामुळे तिने परत विचारलं नाही.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी व्हर्नन केनोच्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. हॅट हातात.

“इथे लपलात होय? मी तिकडे शोधतोय. ती नवीन पोरगी बघितलीत? चाक कधी पळवते, कधी ओढते. पायाला काही कळतच नाही. आठ महिन्यांत हॅट विकायची पाळी आलीये.”

“तसंच फिरवायचं असतं चाक.”

“असेल. पण मजा नाही.” त्याने काउंटरवरच्या पेन्सिलीने चिठ्ठीवर आकडे खुणवले. वीस, बत्तीस, सतरा, पाच, बावीस.

“इथे चाक नाही, व्हर्नन. मशीन आहे. हे आकडे इथे शेजारी नाहीत.”

“मला माहीत आहे. असू देत.”

तिने चिठ्ठी मशीनमध्ये घातली, शिक्का मारला, त्याची प्रत त्याला दिली. मग खुर्चीत बसल्या बसल्या एक टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे वर केले. उजवा छातीसमोर, डावा त्याच्या दोन बोटं खाली. केनोच्या काउंटरवर हात दाखवायचा नियम नाही. व्हर्ननने मान वर करून छताकडे बघितलं. तिथे कॅमेरा नव्हता.